सात की तीन? एका हाडावरून झालेलं भांडण

मराठीत एखादी गोष्ट अगदी खात्रीने सांगायची असली की आपण ती 'छाती ठोकून' सांगतो. ठोकताना मूठ जिथे आपटते तिथे कातडीखाली एक उभं, चपटं हाड आहे. वीतभराहून थोडं कमीच. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव उरोस्थी. दोन्ही बाजूंच्या बरगड्या कूर्चेच्या आधाराने याच हाडाला येऊन मिळतात आणि त्याच्या मागे हृदय असतं.

गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा आणि सरळ खाली आणा. दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो. तिथे या हाडाचा वरचा, रुंद भाग संपतो आणि मधला लांब भाग सुरू होतो. तसंच खाली गेलात तर पोटाच्या वरच्या खळगीपाशी एक छोटं टोक लागतं. तो तिसरा भाग. या तिन्ही भागांची लॅटिन-ग्रीक नावं एका तलवारीवरून पडली आहेत. वरचा भाग म्हणजे मूठ, मधला म्हणजे पातं आणि खालचा म्हणजे तलवारीसारखं टोक. रोमन सैनिकाची आखूड तलवार उभी धरावी, तसं हे हाड दिसतं.

एकूण भाग तीन. बोटाने चाचपून निम्मा पुरावा मिळतो, उरलेला कोणताही सांगाडा देतो. तरीही तेराशेहून अधिक वर्षं मोठमोठे विद्वान वैद्य छाती ठोकून सांगत होते की माणसाच्या छातीचं हाड सात तुकड्यांचं असतं. आणि जेव्हा एकाने 'तीन' म्हटलं, तेव्हा त्याच्या गुरूने त्याला वेडा ठरवलं.

*

सात हा आकडा गेलनचा. गेलन इ.स. 129 मध्ये पर्गमम या ग्रीक शहरात जन्मला. आज ते तुर्कस्तानात आहे. त्याच गावात तो काही वर्षं ग्लॅडिएटर लोकांचा वैद्य होता. तलवारीने फाटलेली माणसं त्याच्यासमोर रोज येत. पुढे तो रोमला गेला आणि सम्राट मार्कस ऑरेलियसच्या दरबारी वैद्यापर्यंत पोचला. त्याने इतकं लिहिलं की प्राचीन ग्रीक लेखकांपैकी फार थोड्यांचं तेवढं लेखन आज शिल्लक आहे.

असा माणूस ऐकीव माहितीवर बोलणारा नव्हता. उरोस्थीच्या बाबतीत तर नाहीच. रोममध्ये मारुल्लस नावाच्या नाटककाराचा एक गुलाम मुलगा होता. आखाड्यात त्याच्या छातीवर मार बसला. सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. काही महिन्यांनी तिथे पू झाला, कापून काढला, जखम भरली आणि पुन्हा चिघळली. वैद्य जमले. हाड सडलंय हे सगळ्यांना कळत होतं, पण ते काढायला कोणी धजेना, कारण काढताना छातीची पोकळी उघडी पडली तर मुलगा मरणार अशी सगळ्यांना भीती होती. गेलनने ते काम अंगावर घेतलं. सडलेलं हाड त्याने कापून काढलं. हृदयावरचं आवरणही तेवढ्या भागात कुजलेलं होतं, त्यामुळे धडधडणारं हृदय त्याला उघडं दिसलं. मुलगा वाचला. ही हकिकत गेलनने स्वतः लिहून ठेवली आहे.

म्हणजे जिवंत माणसाची उरोस्थी उघडून पलीकडचं हृदय पाहिलेला हा वैद्य होता. मग त्याने सात कसे मोजले?

कारण रोममध्ये माणसाचं प्रेत फाडायची मुभा नव्हती. जखमेतून दिसतं ते तेवढ्या भागापुरतं दिसतं. संपूर्ण रचना समजून घ्यायला गेलनने माकडं, डुकरं, बकऱ्या कापल्या. माणसाला सर्वांत जवळची म्हणून उत्तर आफ्रिकेतली बिनशेपटीची माकडं त्याला पसंत होती. या माकडांची उरोस्थी एका ओळीत लावलेल्या सुट्या तुकड्यांची असते आणि हे तुकडे माणसातल्यासारखे एकजीव होत नाहीत. शिवाय हिशेबही छान जुळत होता. माणसाच्या बरगड्यांच्या बारा जोड्यांपैकी वरच्या सात थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. सात बरगड्या, सात तुकडे.

माणसाची हाडं त्याने पाहिलीच नव्हती असंही नाही. नदीच्या पुराने थडग्यातून उपसून आणलेला एक सांगाडा आणि डोंगरवाटेवर मारल्या गेलेल्या एका दरोडेखोराचा गिधाडांनी साफ केलेला सांगाडा, असे दोन प्रसंग तो सांगतो. विद्यार्थ्यांना त्याचा सल्ला होता की जमलं तर अलेक्झांड्रियाला जा, तिथले वैद्य खरी हाडं दाखवून शिकवतात. नाहीतर निदान माकडाची हाडं बघा. वाचून थांबू नका, स्वतः बघा, हे तो पुन्हा पुन्हा बजावतो.

पुढच्यांनी त्याचे आकडे ठेवले आणि सल्ला सोडून दिला.

*

गेलनची पुस्तकं अरबीत गेली, अरबीतून लॅटिनमध्ये आली. इब्न सीनाच्या 'कानून' या ग्रंथातही उरोस्थीचे तुकडे सातच आहेत. एखादी गोष्ट दोन भाषांमधल्या मोठ्या माणसांनी सांगितली की तिसऱ्या भाषेतला माणूस शंका घ्यायला कचरतो.

शंका घेणारे अधूनमधून होऊन गेले. सन 1200च्या सुमारास इजिप्तमध्ये भयानक दुष्काळ पडला. बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ तेव्हा तिथे होता. कैरोजवळ उपासमारीने मेलेल्यांच्या हाडांचे ढीग पडले होते. तो विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेला आणि खालचा जबडा तपासू लागला. गेलनच्या मते तो दोन हाडांचा. अब्द अल-लतीफने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या, इतरांना पाहायला लावल्या, आणि लिहिलं की जबडा एकाच हाडाचा आहे. गेलन थोर खरा, पण डोळ्यांचा पुरावा त्याच्याहून मोठा. युरोपातल्या वैद्यकशाळांपर्यंत त्याचं हे म्हणणं पोचलंच नाही.

त्या शाळांमध्ये प्रेतं फाडली जात नव्हती असं नाही. बोलोन्याच्या मोंदिनोने 1316 साली शवविच्छेदनाचं पुस्तक लिहिलं आणि पुढे विद्यापीठांमध्ये वर्षाकाठी एखाद-दुसरं प्रेत उघडलं जाऊ लागलं. पण त्याचा जो विधी रूढ झाला, त्यात तिघांची वाटणी होती. प्राध्यापक उंच आसनावरून लॅटिन ग्रंथ वाचायचे. खाली एक जण प्रत्यक्ष चिरफाड करायचा, तो बहुतेकदा न्हावी-शल्यकर्मी असायचा आणि त्याला लॅटिन येत नसे. तिसरा छडीने अवयव दाखवायचा. ज्याला मजकूर कळायचा त्याचे हात कोरडे राहायचे, आणि ज्याचे हात प्रेतात असायचे त्याला मजकूर कळायचा नाही. समोर तीन तुकड्यांचं हाड पडलेलं असताना वरून 'सात' असं वाचलं गेलं, तरी अडायचं कुणाचंच काही नाही.

*

आंद्रेआस व्हेसालिअस 31 डिसेंबर 1514 रोजी ब्रसेल्समध्ये जन्मला. 1533 मध्ये तो पॅरिसला वैद्यक शिकायला गेला. तिथे त्याला दोन नामवंत गुरू मिळाले. एक गुंथर, ज्याच्याबद्दल व्हेसालिअसने पुढे खवचटपणे लिहिलं की जेवणाच्या टेबलाखेरीज याच्या हातात मी कधी सुरी पाहिली नाही. दुसरा झाक द्युबुआ, विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे लॅटिन नाव घेतलेला सिल्व्हिअस. तो विलक्षण लोकप्रिय शिक्षक होता आणि गेलनवर त्याची निस्सीम श्रद्धा होती.

व्हेसालिअस हाडं शिकला ते वर्गाबाहेर. पॅरिसच्या एका जुन्या दफनभूमीत हाडांचे ढीग असत. तो आणि त्याचे मित्र तिथे तासन्‌तास बसत आणि डोळे बांधून, नुसत्या हाताने चाचपून कोणतं हाड ते ओळखायच्या पैजा लावत.

1536 मध्ये युद्धामुळे पॅरिस सोडून तो लूव्हेनला परतला. गावाबाहेर फाशी दिलेल्यांची प्रेतं टांगून ठेवायची जागा होती. मित्रासोबत फिरताना तिथे त्याला एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा दिसला. पक्ष्यांनी मांस साफ केलं होतं, अस्थिबंध शाबूत होते. तो खांबावर चढला आणि मांडीचं हाड ओढून काढलं. हात-पाय लपवतछपवत घरी नेले. पण छातीचा पिंजरा साखळीने खांबाला घट्ट बांधलेला होता. तेवढ्यासाठी एका संध्याकाळी तो मुद्दाम वेशीबाहेर राहिला, दरवाजे बंद होऊ दिले, आणि मध्यरात्री एकटा प्रेतांमध्ये चढून त्याने तो पिंजरा सोडवला. गावात मात्र सांगितलं, सांगाडा पॅरिसहून आणलाय.

म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याच्या घरी एक खरी मानवी उरोस्थी होती, जिवावर उदार होऊन आणलेली.

डिसेंबर 1537 मध्ये इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाने त्याला पदवी दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून तो तिथे शल्यक्रिया आणि शरीररचना शिकवू लागला. त्याने तिघांची वाटणी मोडली. वाचणं, कापणं, दाखवणं, सगळं तो स्वतः करी. 1538 मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्याने सहा मोठे तक्ते छापले. त्यांतले सांगाडे यान फान काल्कार या चित्रकाराने काढले होते.

त्या सांगाड्यांच्या छातीत सात तुकडे आहेत.

मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते. डोळे बांधून हाड ओळखणारा, छातीच्या पिंजऱ्यासाठी रात्र फासाच्या खांबांत काढणारा मुलगा चित्र छापायची वेळ आली तेव्हा गेलनचा आकडा छापतो. तो आळशी नव्हता आणि घाबरटही नव्हता. लहानपणापासून पक्की झालेली गोष्ट डोळ्यांना आधी दिसते, समोरची नंतर. आपल्या हातातला सांगाडा वेगळा असला तर तो 'अपवाद' असणार, असं मन सहज म्हणून जातं.

*

मग पुढच्या पाच वर्षांत काय बदललं? एक म्हणजे प्रेतांची संख्या. 1539 पासून पाडुआचा एक न्यायाधीश फाशी दिलेल्यांचे देह त्याला देऊ लागला. एका सांगाड्याला अपवाद म्हणता येतं, दहांना म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट साधी आहे. जानेवारी 1540 मध्ये त्याला बोलोन्याला जाहीर शवविच्छेदनासाठी बोलावलं. तिथे त्याने दोन सांगाडे जोडून उभे केले, एक माणसाचा आणि एक माकडाचा. शेजारी शेजारी. गेलनने माणसाच्या मणक्याचा म्हणून वर्णन केलेला एक बारीक उंचवटा माणसात नव्हता, माकडात मात्र होता. इतकी वर्षं एकेक चूक सुटी सुटी खटकत होती, त्या सगळ्यांचं कारण एकदम समोर आलं. गेलनने नीट पाहिलं होतं, प्रामाणिकपणे लिहिलं होतं, फक्त देह दुसऱ्याचा होता. जबड्याची दोन हाडं, छातीचे सात तुकडे, सगळे तपशील प्राण्यांकडून आलेले.

1543 मध्ये बाझेलच्या ओपोरिनसने व्हेसालिअसचा 'मानवी देहाच्या रचनेविषयी' हा ग्रंथ छापला. याच वर्षी कोपर्निकसने पृथ्वीला विश्वाच्या मध्यातून हलवलं. व्हेसालिअस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. ग्रंथाचा पहिला खंड हाडांचा आहे आणि त्यात प्रौढ माणसाची उरोस्थी तीन भागांची आहे. पाच वर्षांपूर्वी स्वतःच छापलेले सात तुकडे त्याने मोडीत काढले होते.

*

सिल्व्हिअसला हे सहन झालं नाही. शिष्याने शब्द मागे घ्यावेत म्हणून त्याने आधी पत्रांतून समजावलं, मग दटावलं. व्हेसालिअस बधला नाही. 1551 मध्ये, वयाची सत्तरी उलटलेल्या सिल्व्हिअसने त्याच्याविरुद्ध एक पुस्तकच छापलं. त्याच्या लॅटिन नावात व्हेसालिअसच्या नावाशी यमक जुळणारा 'वेसानुस' हा शब्द वापरला. अर्थ, वेडा. या माणसाच्या विषारी श्वासाने युरोप दूषित होतोय, सम्राटाने याला शिक्षा करावी, असं त्यात म्हटलं होतं.

पण शिव्यांनी हाडांचे तुकडे वाढत नाहीत, हे सिल्व्हिअसलाही कळत होतं. तो स्वतः प्रेतं पाहिलेला शिक्षक होता. मग सात आणि तीन यांची सांगड कशी घालायची? त्याने उत्तर काढलं. गेलनच्या काळी माणसं धिप्पाड होती, रुंद छातीची होती, त्यांच्या उरोस्थीला सात तुकडे होतेच. पुढे मनुष्यजात क्षीण झाली, छाती आक्रसली आणि तुकडे कमी झाले. मांडीचं हाड गेलन म्हणतो तितकं वाकडं का दिसत नाही? घट्ट विजारी घालून घालून ते सरळ झालं.

हसू येतं खरं. पण 'पूर्वीची माणसं सात-सात फूट उंच असायची, आता काय राहिलंय' हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. जुनं पुस्तक आणि समोरचा माणूस यांचं पटेनासं झालं की पुस्तक वाचवण्यासाठी माणूस बिघडल्याचं जाहीर करायचं, ही युक्ती फार जुनी आहे. तिचा फायदा असा की ती खोटी पाडता येत नाही. गेलनच्या काळची माणसं कुठून आणून मोजणार? 'पुराणातली वांगी पुराणात' म्हणून सोडून द्यायची सोयही उरत नाही, कारण पुराणातली वांगीच खरी आणि बाजारातली नकली, असा हा दावा आहे.

सिल्व्हिअस 1555 मध्ये वारला. त्याच वर्षी व्हेसालिअसच्या ग्रंथाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती निघाली.

*

इथे गोष्ट संपवली तर ती 'तीन जिंकले, सात हरले' अशी सोपी होईल. पण 'तीन' हा आकडाही पूर्ण खरा नाही, आणि ते दाखवून दिलं व्हेसालिअसला मनापासून मानणाऱ्या माणसाने.

गाब्रिएले फालोपिओ पुढे पाडुआमध्ये त्याच आसनावर बसला. 'फॅलोपिअन ट्यूब' हे नाव त्याच्यावरूनच आलंय. 1561 च्या आपल्या पुस्तकात त्याने व्हेसालिअसच्या चुका दाखवल्या, पण भाषा इतकी आदराची की व्हेसालिअसने तितक्याच सभ्यपणे त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. फालोपिओने गर्भांची आणि लहान मुलांची हाडं तपासली. हाड जन्मतःच तयार नसतं. कूर्चेत ठिकठिकाणी हाड बनायला सुरुवात होते आणि ते ठिपके वाढून एकमेकांना मिळतात. उरोस्थीतही असंच होतं.

आज आपल्याला त्याचा तपशील माहीत आहे. लहान मुलाच्या उरोस्थीत वरची मूठ, मधल्या पात्याचे चार तुकडे आणि खालचं टोक, असे सहा भाग असतात. पात्याचे चार तुकडे वयात आल्यानंतर एकमेकांना जुळायला लागतात आणि पंचविशीपर्यंत एकजीव होतात. जुळणी खालून वर सरकत जाते. शेवटचं टोक तर चाळिशीपर्यंत बरंचसं कूर्चेचंच असतं. मूठ आणि पातं यांच्यातला सांधा बहुतेकांत तसाच राहतो आणि श्वास घेताना किंचित हलतो. म्हणूनच न्यायवैद्यकात अनोळखी सांगाड्याचं वय ठरवताना उरोस्थीही पाहतात.

तेव्हा 'उरोस्थीचे तुकडे किती?' याला उत्तर देण्याआधी 'कुणाच्या?' आणि 'कितव्या वर्षी?' हे विचारावं लागतं. माकडाचं उत्तर वेगळं, बाळाचं वेगळं, तुमचं वेगळं. तुम्ही विशीत असाल तर तुमच्या छातीत हे काम कदाचित अजून चालू असेल.

*

हा आकड्यांचा वाद पंडितांपुरता राहिला नाही. स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा हे ठरवताना डॉक्टर मघाच्या त्या आडव्या उंचवट्यापासून बरगड्या मोजतात, कारण दुसरी बरगडी बरोबर तिथे मिळते. कोणी अचानक कोसळला आणि हृदय थांबलं, तर छाती दाबायची ती उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर. 1960 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी ही पद्धत मांडली आणि आज ती कॉलेजातल्या मुलांनाही शिकवतात. 1897 मध्ये कैरोत हर्बर्ट मिल्टनने उरोस्थी मधोमध उभी चिरून छाती उघडता येते हे दाखवलं. 1957 नंतर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तोच मुख्य रस्ता झाला. बायपास झालेल्या काका-मामांच्या छातीवर जो उभा व्रण दिसतो, त्याखाली हे हाड करवतीने कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी शिवलेलं असतं. मारुल्लसच्या गुलामासाठी जे एका वैद्याने जीव मुठीत धरून केलं, ते आता रोज होतं.

त्या मुलाचं नाव गेलनने लिहिलं नाही. लूव्हेनच्या खांबावरच्या माणसाचं नाव व्हेसालिअसने लिहिलं नाही. पाडुआच्या फाशी गेलेल्यांचीही नावं आपल्याकडे नाहीत. गेलन, सिल्व्हिअस, व्हेसालिअस ही नावं राहिली. ज्यांच्या छातीवरून भांडण झालं, ती माणसं बहुतेक निनावी गेली.

एक अपवाद आहे. 1543 मध्ये, ग्रंथ छापून होत असताना, व्हेसालिअसने बाझेलमध्ये याकोब कारर नावाच्या माणसाचा देह उघडला. बायकोवर जीवघेणा हल्ला केल्याबद्दल त्याचा शिरच्छेद झाला होता. त्याचा सांगाडा व्हेसालिअसने जोडून विद्यापीठाला दिला. तो आजही बाझेलच्या शरीररचना संग्रहालयात उभा आहे, आणि कुणालाही जाऊन तो बघता येतो.